लेकरांच्या वाट्याचे : हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.)



जून महिना लागला की गोंदियाच्या तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांवर पालकांची गर्दी होते. नागरा आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई बाजूला ठेवून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहतात. याच दिवसांत इमामाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, तोही बाकीचे नमाजी उठून गेल्यावर आणि खालच्या आवाजात. मुलाच्या शिक्षणाकरिता उत्पन्न जरा कमी दाखवले, किंवा पत्ता दुसरा लिहिला, तर ते पाप ठरते का, असा तो प्रश्न असतो. विचारणारा मनुष्य बहुधा सचोटीचा असतो. तो उधारी वेळेवर फेडतो, तराजूत मारत नाही. स्वतःच्या लाभासाठी त्याने हा विचारही केला नसता. तो मागतो ते लेकरासाठी, आणि म्हणूनच त्याचा प्रश्न अवघड आहे.

हुकूम स्पष्ट आहे. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना एका धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. पावसाने भिजले, असे कारण विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे सांगितले. आपल्या जिल्ह्यात धान खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही. त्यामुळे वर वाळलेले आणि खाली ओले धान म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या विक्रेत्याच्या घरीही मुले असतील. तरी हुकूम बदलला नाही.

मात्र नुसता हुकूम ऐकून बापाचे मन शांत होत नाही, कारण त्याच्यासमोर लेकराचा चेहरा असतो. म्हणून आज आपणासमोर एका अशा बापाचे जीवन मांडतो, ज्याच्या हाती आपल्या मुलांना सिंधपासून स्पेनपर्यंतच्या राज्यातील हवे ते देण्याची सत्ता होती. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचे नाव आपल्या घरांत अपरिचित नाही. त्यांची खिलाफत इ.स. ७१७ ते ७२० अशी जेमतेम अडीच वर्षांची, पण खुलफा-ए-राशिदीननंतर त्यांचेच नाव आदराने घेतले जाते.

या चरित्राचा प्रारंभ त्यांच्या जन्माच्या बराच आधी, मदिनेच्या एका गरीब घरापाशी होतो. दुसरे खलीफा हजरत उमर फारूक (रजि.) रात्री गस्त घालत असत. एके रात्री थकून ते आपले सहकारी अस्लम यांच्यासह एका भिंतीला टेकले असता आतून माय-लेकीचे बोलणे कानी पडले. आई मुलीला दुधात पाणी मिसळायला सांगत होती. खलीफांनी दवंडी पिटवून ही भेसळ मना केली आहे, याची आठवण मुलीने करून दिली. या वेळी ना उमर पाहत आहेत ना त्यांचा दवंडीवाला, असे आईचे म्हणणे पडले. उघड्यावर आज्ञा पाळायची आणि एकांतात मोडायची हे आपल्याने होणार नाही, आणि उमर पाहत नसले तरी उमरचा पालनहार पाहतोच, असे ती मुलगी म्हणाली. खलीफांनी ते घर लक्षात ठेवले. सकाळी चौकशी केली, मुलगी अविवाहित असल्याचे कळले, आणि त्यांनी आपले पुत्र आसिम यांच्याशी तिचा निकाह लावून दिला. आसिम आणि त्या मुलीची कन्या उम्मे आसिम. आणि उम्मे आसिम यांच्या पोटी आपले चरित्रनायक जन्मले. दुधात पाणी घालण्यास नकार देणारी ती मुलगी त्यांच्या आईची आई.

ही कथा वाझ-बयानात नेहमी त्या मुलीसाठी सांगितली जाते. मला मात्र तिच्या आईविषयीही बोलावेसे वाटते. दूध विकून पोट भरणाऱ्या घरात दोन लोटे पाणी म्हणजे आणखी दोन भाकरी. ती बाई दुष्ट नव्हती. घर चालवणारी होती. तिच्या सांगण्यात जी चूक होती ती हीच, की भाकरी वाढवताना लेकीला आपल्या खोटेपणात सामील करून घेतले. त्या रात्री लेकीने आईचे ऐकले असते तर तिला दूध जास्त विकण्याची युक्ती मिळाली असती, आणि एकांतात अल्लाहला विसरता येते हा धडाही मिळाला असता, तोही जन्मदात्रीकडून.

आसिम यांच्या वडिलांच्या घरात लेकरांचे लाड कसे होत, तेही पाहा. हजरत उमर (रजि.) यांचे दोन पुत्र, अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह, इराकच्या मोहिमेवरून परतत होते. बसराचे राज्यपाल हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडे मदिनेला पाठवायचा सरकारी पैसा होता. त्यांनी तो या दोघांना उसना दिला : इराकमध्ये माल घ्या, मदिनेत विका, मुद्दल बैतुलमालमध्ये भरा, नफा तुमचा. चोरी नाही, तोटा नाही. मुद्दल पै-पैसह परत. तरी वडिलांनी मुलांना एकच गोष्ट विचारली : सैन्यातील प्रत्येकाला अशी रक्कम उसनी मिळाली होती का? उत्तर नकारार्थी होते. मग मुद्दल आणि नफा दोन्ही जमा करा, असा हुकूम झाला. अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाह यांनी वाद घातला, की पैसा बुडाला असता तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती. शेवटी उपस्थितांपैकी एकाने तो व्यवहार भागीदारीचा मानण्याचे सुचवले आणि अर्धा नफा बैतुलमालमध्ये गेला. वाचकहो, त्या बापाचा प्रश्न मनात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) मात्र गरिबीत वाढले नाहीत. त्यांचे वडील अब्दुल अजीज बिन मरवान हे इ.स. ६८५ ते ७०५ अशी वीस वर्षे मिसरचे राज्यपाल होते. उमय्या घराण्याची सारी श्रीमंती घरी होती. पण या वडिलांनी मुलाला विद्येसाठी मदिनेत ठेवले आणि सालेह बिन कैसान या विद्वानांच्या हवाली केले. एकदा हा मुलगा जमाअतला उशिरा पोहोचला. केस विंचरणारी बाई केस नीट करीत होती, असे कारण त्याने दिले. गुरूंनी हे मिसरला कळवले. वडिलांनी खास माणूस धाडला, आणि त्या माणसाने मुलाशी एक शब्दही न बोलता आधी त्याचे डोके भादरले. मोठ्या पदावरचा बाप मुलाची हजेरी सांभाळून घ्या असेही गुरूला कळवू शकला असता. आजच्या शाळांतील शिक्षकांना कोणता निरोप अधिक येतो, ते त्यांनाच विचारावे.

तरुणपणी ते भारी कपडे घालत, उंची अत्तर लावत. त्यांची चाल लोकांनी नक्कल करण्याजोगी होती. चुलते खलीफा अब्दुल मलिक यांची कन्या फातिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ.स. ७०६ मध्ये मदिनेचे राज्यपाल झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी शहरातील दहा धर्मशास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्या सल्ल्याने कारभार करण्याचे ठरवले. मस्जिद-ए-नबवीचा विस्तार त्यांच्याच देखरेखीखाली झाला. हज्जाज बिन यूसुफच्या जुलमातून पळालेल्यांना ते मदिनेत आसरा देत, म्हणून हज्जाजने तक्रार केली आणि इ.स. ७१२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

यानंतरचा प्रसंग आणखी एका बापाचा आहे. खलीफा सुलैमान बिन अब्दुल मलिक इ.स. ७१७ मध्ये दाबिक येथे मरणपंथाला लागले. वारस म्हणून नेमलेला थोरला पुत्र अय्यूब आधीच वारला होता. सुलैमान यांच्या मनात दुसऱ्या, अजून वयात न आलेल्या मुलाला गादी देण्याचे होते. त्यांचे सल्लागार रजा बिन हैवा यांनी समजावले, की मागे चांगला माणूस नेमून जाणे हेच कबरेत खलीफाला कामी येईल. दुसरा पुत्र दाऊद याचे नाव निघाले, पण तो कुस्तुंतुनियाच्या वेढ्यावर होता. जिवंत आहे की नाही याचीही खात्री नव्हती. अखेर बापाने आपल्या रक्ताला बाजूला ठेवून चुलतभावाचे नाव लिहिले आणि लखोटा मोहोरबंद केला. सुलैमान यांच्या कारकिर्दीत दोष पुष्कळ होते. तरी हातातली सर्वात मोठी वस्तू लेकराला न देता ज्याची योग्यता होती त्याला देणे, हे त्यांच्या हातून घडले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

लखोटा फोडून नाव वाचले गेले तेव्हा हजरत उमर (रह.) हादरून गेले. सुलैमान यांचे दफन उरकून ते दुपारी जरा आडवे होणार, इतक्यात त्यांचा तरुण पुत्र अब्दुल मलिक समोर येऊन उभा राहिला. लोकांच्या बळकावलेल्या मालमत्ता परत न करताच आपण झोपणार का, असे त्याने विचारले. रात्रभर जागरण झाले आहे, जोहरनंतर पाहू, असे वडील म्हणाले. जोहरपर्यंत जगण्याची हमी कोणी दिली आहे, असे मुलाने विचारले. वडील उठले, मुलाच्या कपाळाचे चुंबन घेतले, दीनच्या कामी साथ देणारी संतती दिल्याबद्दल अल्लाहचे आभार मानले आणि न झोपता बाहेर पडले. ज्या मालमत्ता परत जाणार होत्या त्या याच मुलाला वारसाहक्काने मिळणार होत्या, हे येथे विसरू नका.

मग परतफेड सुरू झाली, तीही स्वतःच्या घरापासून. आधीच्या खलीफांनी सरकारी जमिनी नातलगांना वाटल्या होत्या. त्यांतून जे काही वडिलांकडून त्यांच्याकडे आले होते, त्याची कागदपत्रे त्यांनी लोकांसमोर आणवली आणि नष्ट केली. फदकची जमीन प्रेषितांच्या (स.) काळी जशी होती तशी पूर्ववत केली. पत्नी फातिमा या खलीफाची कन्या, खलीफांची बहीण आणि आता खलीफाची पत्नी. वडिलांनी दिलेले रत्नजडित दागिने बैतुलमालला द्या, नाहीतर मला सोडा, असा पर्याय त्यांच्यापुढे आला, आणि त्यांनी दागिने दिले. पतीच्या मृत्यूनंतर भाऊ यजीद खलीफा झाला व त्याने ते दागिने परत देऊ केले. पती हयात असताना सोडले ते त्यांच्या पश्चात घेणार नाही, असे म्हणून या बाईंनी नकार दिला.

या परतफेडीची खरी किंमत लेकरांनी मोजली. उमय्या घराण्यातील इतर मुलांकडे जमिनी होत्या, घोडे होते, गुलाम होते. त्यांच्या बरोबरीने वाढलेल्या उमरच्या मुलांकडचे सारे काही महिन्यांत गेले. आपल्याकडे सगळेच करतात, मग माझेच मूल का मागे राहावे, हे दुःख ज्याला सलते त्याने हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. घराण्यातील वडीलधाऱ्यांनी तक्रार घेऊन त्यांच्या आत्या, फातिमा बिन्ते मरवान, यांना पाठवले. त्यांनी आत्यांना मानाने बसवले, निखारे, एक दिनार आणि मांसाचा तुकडा मागवला, दिनार तापवून लाल झाला तेव्हा मांसावर टाकला. मांस चरचरले. आपल्या भाच्याला या आगीपासून वाचवावेसे वाटत नाही का, असे त्यांनी आत्यांना विचारले. आत्या परतल्या आणि तक्रारदारांनाच रागावल्या, की उमर बिन खत्ताबच्या घराशी सोयरीक तुम्हीच केलीत, आता मूल त्यांच्या वळणावर गेले तर ओरडता कशाला. मदिनेच्या त्या गवळणीच्या नातवाविषयी त्याच्या सासर-माहेरच्या माणसांत असे बोलणे होत होते.

घरातील चार गोष्टी तर आई-बापांनी अवश्य ऐकाव्यात. एका रात्री इशानंतर ते मुलींकडे गेले, तेव्हा मुली तोंडावर हात धरून दूर झाल्या. दाईने कारण सांगितले : घरात मसूर आणि कांद्याशिवाय काही नव्हते, कांद्याचा वास वडिलांना येऊ नये म्हणून मुली लाजल्या. ते रडले. नाना प्रकारची पक्वान्ने खाऊन बापाला जहन्नममध्ये पाठवणे तुम्हाला आवडेल का, अशा अर्थाचे ते बोलले, आणि मुलीही रडल्या. एकदा बैतुलमालची सफरचंदे वाटली जात असताना लहान मुलाने एक उचलून तोंडाला लावले. त्यांनी ते त्याच्या हातून ओढून घेतले. मूल रडत आईकडे गेले आणि आईने बाजारातून सफरचंदे आणवली. घरी येऊन त्यांना वास आला, तेव्हा ही सरकारी तर नाहीत ना, हे त्यांनी आधी विचारले. मग पत्नीला सांगितले, की ते सफरचंद ओढताना जणू स्वतःचे काळीज ओढत होतो. ईदच्या नव्या कपड्यांसाठी एका महिन्याचे वेतन आगाऊ मागितल्याची, आणि महिनाभर जगण्याची हमी खजिनदाराने मागताच मुकाट माघार घेतल्याची गोष्टही आपल्याकडे सांगतात.

हे वाचताना एखादी माता म्हणेल, की धर्मनिष्ठा बापाची आणि उपास लेकरांचा, हा कसला न्याय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. शरीअतने मुलांना उपाशी ठेवा असे कुठेही सांगितलेले नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) सारी संपत्ती दान करू पाहत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे चांगले असे समजावले. म्हणजे लेकरांसाठी कमावणे, साठवणे, चांगल्या शाळेत घालणे हे पुण्यच आहे. हजरत उमर (रह.) यांनी मुलांच्या हक्काचे काही दान केले नव्हते, जे कधीच त्यांचे नव्हते ते मालकांना परत केले होते. आईने बाजारातून आणलेल्या सफरचंदाला त्यांचा विरोध नव्हता. म्हणून आळशी बापाने या चरित्राचा आधार घेऊ नये. ज्याने मुलाच्या शिकवणीचे पैसे पानटपरीवर उडवले, त्याचे आणि या खलीफांचे काही नाते नाही.

आता दाखल्याकडे येऊ. २००८ पासून केंद्र शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती दिली. तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक १ लाख रुपये होती. शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असे, आणि निवडताना गुणांपेक्षा गरिबीला अधिक वजन दिले जाई. २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ती बंद झाली. ज्या यादीत गरिबी हाच निकष आहे आणि जागा मोजक्या आहेत, त्या यादीत खोटे उत्पन्न लिहून वर सरकणारा बाप सरकारला फसवतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तो आपल्याच मोहल्ल्यातील बिडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला यादीतून खाली ढकलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांचेही तसेच. तेथे तर घर आणि शाळा यांमधील अंतर पाहतात, म्हणून खोटा भाडेकरार केला जातो, आणि पडताळणीला कोणी आले तर कोणता पत्ता सांगायचा हे सहा वर्षांच्या लेकराकडून पाठ करून घेतले जाते. एका बाईने आपल्या लहान मुलाला काहीतरी देते म्हणून हाक मारली, तेव्हा काय देणार आहेस हे प्रेषितांनी (स.) तिला विचारले होते. ती खजूर देणार होती. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी सांगितले. मुलाला बोलावण्याच्या हाकेचा जेथे एवढा हिशेब, तेथे पाठ करून घेतलेल्या पत्त्याचा किती असेल?

हे दुखणे गरिबांचे आहे असे मात्र कोणी समजू नये. १९८६ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर पद सोडावे लागले. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्यात १९८२ चा कायदा आधीपासून होता. २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यात परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून मुलांना कॉपी पुरवणाऱ्या आप्तांची छायाचित्रे जगभर गेली. २०१९ मध्ये अमेरिकेत मोठमोठ्या विद्यापीठांत मुलांना घुसवण्यासाठी लाखो डॉलर मोजणारे धनाढ्य पालक पकडले गेले. भिंतीवर चढणारा आणि डॉलर मोजणारा, दोघांचेही सांगणे लेकराच्या भल्याचेच होते. अशा प्रत्येक वेळी हजरत उमर फारूक (रजि.) यांनी आपल्या दोन मुलांना विचारलेला प्रश्न स्वतःला विचारता येतो : ही सवलत इतर सर्वांच्या लेकरांना अशीच मिळाली आहे का? शिकवणी लावणे, रात्र जागून अभ्यास घेणे, पैसे साठवून चांगल्या शाळेची फी भरणे या प्रश्नाला पुरून उरते, कारण त्यासाठी कोणाच्या लेकराला खाली उतरावे लागत नाही.

अल्लाहने सूरह निसामध्ये आई-बापांच्या याच धास्तीला हात घातला आहे. मागे दुबळी संतती सोडून जाण्याची ज्यांना काळजी वाटते त्यांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि सरळ, नीट बोलावे, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. लेकरांच्या काळजीवर सांगितलेला उपाय खरे बोलण्याचा आहे, हे मला दर वेळी नव्याने जाणवते. सूरह कहफमधील दोन अनाथ मुलांच्या भिंतीखालचा खजिना अल्लाहने राखला, तो त्यांचा बाप सदाचारी होता म्हणून.

हजरत उमर (रह.) यांच्या कारभाराविषयी पुष्कळ लिहिता येईल. इस्लाम स्वीकारलेल्यांवरचा जिझिया त्यांनी बंद केला, हदीस लिहून एकत्र करण्याचा आदेश दिला, सिंधच्या राजांना पत्रे लिहून इस्लामचे आमंत्रण दिले आणि राजा दाहिरचा पुत्र जयसिंह याने ते स्वीकारले. पण आपल्याला त्यांच्या अखेरच्या दिवसांकडे जायचे आहे. दुपारी झोपू न देणारा तो पुत्र अब्दुल मलिक एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या आधीच वारला. वडिलांनी स्वतः त्याला कबरेत उतरवले. नंतर त्यांच्यावरही विषप्रयोग झाला असे इतिहासकार सांगतात. सेवकाला त्यासाठी एक हजार दिनार मिळाले होते. त्यांनी ती रक्कम त्याच्याकडून बैतुलमालमध्ये भरवली आणि कोणी पाहण्याआधी निघून जा, असे सांगून त्याला सोडून दिले.

मृत्युशय्येवर असताना मेहुणे मस्लमा भेटीस आले. आपण या मुलांचे तोंड संपत्तीपासून दूर ठेवले, आता त्यांच्यासाठी मला किंवा घराण्यातील कोणाला काही सांगून जा, असे ते म्हणाले. हजरत उमर (रह.) यांनी उठवून बसवायला सांगितले. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की मुलांचा हक्क मी कधी मारला नाही आणि जे त्यांचे नव्हते ते त्यांना दिले नाही. ती सदाचारी निघाली तर अल्लाह त्यांचा वाली आहे, आणि तशी निघाली नाहीत तर अल्लाहच्या अवज्ञेसाठी त्यांच्या हाती पैसा देणारा मी होणार नाही. मग मुलांना जवळ बोलावले, डोळे भरून पाहिले आणि निरोप दिला. रजब हिजरी १०१, म्हणजे फेब्रुवारी ७२० मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतबाहेर, दैर सिमआन येथे त्यांचे निधन झाले. तेथील कबरेची जागाही त्यांनी आधी पैसे देऊन विकत घेतली होती.

त्यांच्या अकरा मुलांमध्ये वाटायला थोडेसेच दिनार उरले, आणि खलीफा हिशामच्या मुलांना लाखोंचा वारसा मिळाला. पुढे उमरच्या एका मुलाने अल्लाहच्या मार्गात शंभर घोडे दिले आणि हिशामच्या एका मुलाला लोक दान देताना दिसले, अशी कथा वाझांत फार लोकप्रिय आहे. ती जुन्या ग्रंथांत आली आहे, तरी ती सांगताना मी जपून असतो. ऐकणाऱ्याला वाटू लागते, की प्रामाणिकपणा म्हणजे व्याजासह परत मिळणारी ठेव. उमर (रह.) यांनी मस्लमाला असे कोणतेही आश्वासन दिले नव्हते. मुले बिघडू शकतात, हे त्यांनी त्याच वाक्यात मान्य केले होते.

मुलांपैकी अब्दुल्लाह बिन उमर यांचे पुढील आयुष्य इतिहासात नोंदलेले आहे. इ.स. ७४४ मध्ये ते इराकचे राज्यपाल झाले. नंतरच्या यादवीत ते हरले आणि हर्रानच्या कैदेत वारले. सहा वर्षांत उमय्या सत्ता कोसळली. अब्बासींनी उमय्या खलीफांच्या कबरी उकरल्या, पण दैर सिमआनच्या कबरेला हात लावला नाही. अब्दुल्लाह यांच्या अल्प कारकिर्दीत बसराच्या लोकांनी पाणी खारट असल्याची तक्रार केली होती. त्यांनी खलीफांना लिहून खर्चाची मंजुरी घेतली आणि शहरासाठी गोड्या पाण्याचा कालवा खणून घेतला. तो नहर इब्न उमर म्हणून ओळखला गेला, आणि बसराजवळच्या त्या परिसराला आजही नहर बिन उमर हेच नाव आहे.